मामांचा भूमध्य दौरा

भूमध्य समुद्राच्या काठची सहल आमच्या मामांइतकी बारकाईनं आजवर कोणी आखली नसेल, आणि आखून झाल्यावर त्यांच्याइतक्या समाधानानं घरी कोणी राहिलंही नसेल. परवा फोनवर तुम्ही दोघांनी सांगितलंत की यंदाच्या उन्हाळ्यात तुम्ही मार्सेलहून निघून किनाऱ्याकिनाऱ्यानं जिनोआपर्यंत जाणार आहात, आणि "आजी, तुला त्या बाजूची काही माहिती आहे का गं?" असं गमतीनं विचारलंत. माहिती आहे. तो रस्ता मी दहा-बारा वेळा केला आहे, आदिलाबादेत, मामांच्या ओसरीवर बसून. फोनवर एवढं सांगून होईना, म्हणून लिहिते आहे.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. निजामाच्या राज्यात ते गिरदावर होते. पंचवीसेक गावांत फिरून तिथल्या पटवाऱ्यांचं काम तपासायचं, ही त्यांची नोकरी. फिरण्याआधी दौऱ्याचा कागद करावा लागे. कोणत्या दिवशी कुठून रवानगी, किती कोसांवर मुक्काम, विहिरीला पाणी आहे का, बैलांना कडबा मिळेल का, गावचा बाजार कोणत्या वारी. हा कागद करून करून मामांची अशी पक्की समजूत झाली होती की कागदाशिवाय माणसाला जागचं हलता येत नाही. दिवाळीला ते दोन गल्ल्या ओलांडून आमच्याकडे जेवायला येत, तेव्हाही त्यांच्या खिशात चिठ्ठी असे: "रवानगी साडेदहा. वाटेत मुक्काम नाही." एकदा पावसानं त्यांना वाटेत वाण्याच्या ओट्यावर थांबावं लागलं, तर त्यांनी तिथंच पेन्सिल काढून चिठ्ठी दुरुस्त केली आणि मग आमच्या पायऱ्या चढले.

मामी जवळच्या तामसी गावची, कापूस-ज्वारीच्या घरातली. तिला पाहायला गेले तेव्हा तिच्या काकांनी मामांना विचारलं होतं, "आमच्या पोरीले काय सुख देनार तुमी?" दुसरा कोणी असता तर सोनं म्हणाला असता, जमीन म्हणाला असता. मामांनी नुकताच नकाशा पाहिला होता. ते म्हणाले, "समुद्र दाखवतो." आता निजामाच्या राज्याला समुद्रच नव्हता, चारी बाजूंनी जमीन. रुंद पाणी म्हणजे आमच्याकडे पैनगंगेचं, तेही भाद्रपदापर्यंत. सगळी तामसी हसली, लग्न झालं, आणि तेव्हापासून मामी माहेरी गेली की विहिरीवर पहिला प्रश्न ठरलेला असे. "काऊन वं, पाहून आली का समुद्र?" मामी म्हणे, "यंदा चाललो." पंधरा वर्षं ती यंदा चालली होती. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे बायकांना विचारायला दुसरं काही सापडत नसे.

भूमध्य समुद्र मध्ये आला तो एका पुस्तकामुळे. डाकबंगल्यात उतरलेला कोणी गोरा इंजिनिअर एक जाड निळं पुस्तक विसरून गेला. मामांनी ते परत करण्यासाठी त्याला तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही, तेव्हा पुस्तक रीतसर आपलं झालं असं त्यांनी धरलं. ते त्या किनाऱ्याच्या प्रवासाचं जुनं मार्गदर्शक होतं, आणि इंग्रजीत होतं. मामांना उर्दू, मराठी, तेलुगू यायचं, इंग्रजी नाही. मला माझ्या वडिलांनी इंग्रजी शाळेसाठी नागपूरला मावशीकडे ठेवलं होतं आणि उन्हाळ्याच्या सुटीत मी घरी यायचे. दहा वर्षांची होते तेव्हापासून दर सुटीत, उन्हं कलली की मामा मला बोलावत. मी वाचून मराठीत सांगायचं, मामांनी वहीत उतरवायचं, मामीनं पापड लाटत ऐकायचं. मी एकदा म्हटलं, "मामा, मुंबईचा समुद्र जवळ आहे ना?" मामा म्हणाले, "असंल. पन पुस्तक या समुद्राचं हाये."

मामा उर्दूत शिकलेले. त्यांची वही उजवीकडून उघडे, ओळ उजवीकडून सुरू होई, आणि नकाशाही ते उजवीकडूनच वाचत. पुस्तक मार्सेलहून जिनोआला जाई आणि मामा जिनोआहून मार्सेलला. त्यामुळे ज्या गावी संध्याकाळी पोहोचून सूर्यास्त पाहा असं पुस्तक सांगे, तिथून मामा पहाटेच निघालेले असत. जिथं दमवणारी चढण आहे असं छापलं होतं, तिथं मामांना उतार लागे. "लिहिनाऱ्याले सोयीची बाजू समजली नाई," ते पुस्तकवाल्याची कीव करत म्हणत. रोज पाच कोसांच्या वर जायचं नाही हा नियम त्यांनी तिकडेही पाळला होता. नीस इथं दोन मुक्काम, कारण बाजाराचा वार पुस्तकात दिला नव्हता. तवा कुठं ठेवायचा याला वहीत स्वतंत्र ओळ होती. गोवऱ्या मिळतील का, हे मला शेवटच्या सूचीत शोधायला लावलं. सूचीत जळणाबद्दल काहीच नव्हतं. ज्वारीही नव्हती. "मंग पीठ घेऊनच जा लागते," मामी म्हणाली, आणि ज्वारीचं पीठ बोटीवर किती दिवसांत कडू होतं यावर ती दोघं दोन संध्याकाळ बोलत होती.

पहिल्याच उन्हाळ्यात मी एक गोष्ट केली, ती सांगायला हवी. प्रस्तावनेत एक वाक्य होतं. या किनाऱ्याचा हंगाम हिवाळा, मे महिन्यापासून बहुतेक हॉटेलं बंद असतात, आणि जाणते प्रवासी उन्हाळ्यात इकडे येत नाहीत. मामांना रजा मिळायची ती फक्त वैशाखात, रानं मोकळी असताना. वहीवर "वैशाख" असं मोठ्या अक्षरांत लिहून झालं होतं. मी वाचता वाचता थांबले. मामीचं लाटणंही थांबलं. "काऊन थांबली वं?" तिनं विचारलं. "छपाई पुसट आहे," मी म्हणाले, आणि पुढच्या ओळीवर गेले. मी गाळलेली ती एकच ओळ. त्यानंतर नऊ वर्षं ते पान आलं की माझे कान तापायचे.

पुस्तकात मोनाको हे मामांचं आवडतं ठिकाण. "एवढूसं संस्थान? आपल्या तामसीएवढं?" त्यांनी मला ते मापून दाखवायला लावलं आणि तिथं दुपारचा मुक्काम टाकला. मग निजामाचं राज्य गेलं, आम्ही भारतात आलो, आणि मामा पहिल्यांदा काळजीत पडले. एवढं मोठं आपलं संस्थान गेलं, तर त्या बिचाऱ्याचं काय होणार? वहीत मोनाकोच्या पानावर त्यांनी शेरा लिहिला: "विलीन होण्याचा संभव. परवाना कोणाकडून घ्यायचा, ऐन वेळी चौकशी करणे." दर उन्हाळ्यात आल्या आल्या ते मला विचारत, "नागपूरच्या पेपरात त्याचं काई आलं का वं?" मी नाही म्हणायचे. मामा म्हणत, "धरून हाये मंग."

परदेशी जाण्याची परवानगी मागणारी अर्जी मामांनी आधीच उर्दूत लिहिली होती. ती जाण्याआधी राज्य बदललं. मग ती मी इंग्रजीत उतरवली. ती कोणाच्या नावे पाठवायची याचा उलगडा होईपर्यंत राज्यांची फेररचना निघाली. आमचं राज्य तीन ठिकाणी वाटलं जाणार होतं, त्यात आदिलाबाद आणि तामसी आंध्रात, आणि मामांच्या दफ्तरात एकेक छापील कागद आला: तुम्हाला नोकरी मुंबई राज्यात हवी की आंध्रात, आणि कारण काय. सगळ्या कचेरीची झोप उडाली. कोणी मुलांच्या शाळेचा विचार करी, कोणी भाषेचा, कोणी बढतीचा. मामा नकाशा घेऊन ओसरीवर बसले. त्यांच्या ध्यानात एकच गोष्ट आली होती. जन्मभर ज्यांना समुद्र नव्हता, त्यांना सरकार आता दोन समुद्रांतून एक निवडायला सांगत होतं.

त्यांनी सुतळी घेऊन मोजलं. आंध्राचा समुद्र दोन बोटं जवळ निघाला. पण मामांचा ओढा मुंबईकडे होता. "ते पानी पुढं आपल्या समुद्राकडं जाते," ते म्हणाले. "हे इकडचं उलट्या बाजूले." त्यांनी मुंबईवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मामीनं पोळपाट बाजूला सारला. "अवो," ती म्हणाली, "समुद्र दोन्हीकडं हाये. माय एकट्या तामशीले हाये." मामांनी बोट उचललं. कागदावर त्यांनी आंध्र लिहिलं, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, "समुद्र जवळ." तहसीलदारांनी त्यांना बोलावून घेतलं. "गिरदावर साब, ये क्या लिखा है?" मामा म्हणाले, "साब, वजह पूछी थी. वजह लिखी." तहसीलदारांनी कागदाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि सही केली.

कागद मंजूर होऊन आला त्या दिवशी मामी आमच्या घरी आली. ती बसली नाही. माझ्या आईला म्हणाली, "वन्सं, मले निळा नको, गोऱ्याचा नको, कसाबी चालंल. पन आता मी यंदा चाललो म्हननार नाई. यंदा नाई दाखवला तर तामशीले पाय ठेवत नाई, मायचा चेहरा पाह्याले मिळो न मिळो." आणि ती घरी जाऊन पापड लाटायला लागली. आईनं हे मामांना सांगितलं. मामांनी त्या वर्षीचा भूमध्य दौरा अर्ध्यावर ठेवला आणि नवा कागद करायला घेतला. या उलट्या बाजूच्या समुद्रासाठी, माझ्या आठवणीत तेवढी एकच वेळ, त्यांनी वही डावीकडून उघडली.

पुढच्या वैशाखात आम्ही तिघं विशाखापट्टणला गेलो. मला बरोबर घेतलं, कारण निळं पुस्तक बरोबर घेतलं होतं आणि ते वाचायला कोणीतरी हवं होतं. मुदखेडला गाडी बदलली, मग आणखी दोनदा बदलली, चौथ्या दिवशी सकाळी वाळूवर उभे राहिलो. मामांनी पुस्तक उघडायला सांगितलं. "नीसचं पान काढ." मी वाचत गेले आणि मामा एकेक खूण करत गेले. निळा समुद्र, आहे. किनाऱ्यावर उतरलेला डोंगर, आहे, उजव्या हाताला. ताडाची झाडं, आहेत. पत्त्यांच्या जुगाराची प्रसिद्ध इमारत. पालथ्या होडीच्या सावलीत चार कोळी पत्ते खेळत होते. मामांनी त्यांना थोडा वेळ पाहून खूण केली. संध्याकाळी बँड वाजतो. तेवढ्यासाठी आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो. एक वरात गेली, वाजत. मामांनी पेन्सिल खिशात ठेवली.

मामी सकाळपासून पाण्याच्या काठाशी होती. पहिली लाट पायाशी आली तेव्हा ती मागे सरली आणि लाटेला म्हणाली, "थांब की बाप्पा, मी पळून नाई चालली." मग पुढे गेली. "याले पलीकडं काठ नाई का?" तिनं विचारलं. "हाये," मामा म्हणाले, "इथून दिसत नाई." एवढं एकच बोलणं. नंतर दिवसभर ती लुगडं गुडघ्यापर्यंत धरून उभी होती. आम्ही दोघं मागे वाळूवर बसलो होतो. तेव्हा मी सांगून टाकलं.

"मामा, पुस्तकातली एक ओळ मी तुम्हाला कधी वाचून दाखवली नाही. तिथं उन्हाळ्यात सगळं बंद असतं. हिवाळ्यात जायचं असतं तिकडे."

मामा समुद्राकडेच पाहत होते. "ठाऊक हाये. पहिल्याच साली शाळा तपासाले साहेब आले होते, त्यांच्याकडून वाचून घेतलं ते पान. तू थांबली होती ना तठी."

"मग दर वर्षी वैशाख कशाला लिहीत होता?"

"आता हिवाळ्यात तू कुठी राहत होती आदिलाबादले?" मामा म्हणाले, आणि मामीला ओरडून सांगितलं की फार पुढे जाऊ नको.

परतताना मामीनं बाटली भरून समुद्र घेतला. वडिलांच्या दवाखान्यातली औषधाची रिकामी बाटली होती, तिच्यावर मी गावाचं नाव लिहून चिकटवलं. तामसीला विहिरीवर ती बाटली हातोहात फिरली. प्रत्येकीनं बोट बुडवून जिभेला लावलं. तिथली सर्वांत म्हातारी बाई म्हणाली, "मीठ घातलं असंल." बाकीच्या हसल्या. मामीनं बाटलीला बूच लावलं. "घातलं असंल," ती म्हणाली. "पन माह्या पायाखालची वाळू सरकून राह्यली होती वं. ते काय घालून होते?" पुढे कोणी समुद्राचं विचारलं नाही. ती बाटली मामीच्या आईच्या उशाशी होती, ती म्हातारी गेली त्या दिवसापर्यंत.

माझं लग्न होईपर्यंत, सुटीत घरी आले की, निळं पुस्तक ओसरीवर निघायचंच. आता मामा-मामींना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. पुस्तक आणि वही माझ्या कपाटात आहेत. पुस्तक पाठवत नाही, त्यातली हॉटेलं उरली नसतील. वहीच्या पानांचे फोटो काढून पाठवायला शेजारच्या मुलीला सांगितलं आहे. उर्दू तुम्हाला येत नाही, पण मुक्कामांचे आकडे मराठीत आहेत, ते लागतील. तुमची तिकिटं मार्सेलची काढून झाली आहेत हे ठाऊक आहे. बदलता आली तर जिनोआहून निघा, चढणीचा उतार होईल. तवा नेला नाहीत तरी चालेल. मोनाकोला मात्र दुपारी थांबा, आणि ते अजून वेगळं आहे की कुठं विलीन झालं याची तिथंच कोणाकडे तरी नीट चौकशी करा. उत्तर मला ठाऊक आहे. पण वहीत त्या शेऱ्यापुढे अजून खूण झालेली नाही, आणि ऐकीव माहितीवर खूण करणं मामांना चालत नसे.