तीन खोल्या, एक बाथरूम आणि सगुणाबाई

निघोज्यात सगुणाबाईंच्या चार खोल्या आहेत, त्यांतल्या एकीत मी भाड्याने राहायचो. मागच्या गल्लीत कर्ज काढून घेतलेल्या माझ्या स्वतःच्या तीन खोल्या होत्या, त्या मी भाड्याने दिल्या. गुंतवणूकदाराने स्वतःच्या मालमत्तेत राहायचं नसतं, असं मोबाइलवर एका सुटाबुटातल्या माणसाने सांगितलं होतं.

सगुणाबाईंना असलं कुणी सांगितलं नव्हतं. जमीन कंपन्यांसाठी गेली तेव्हा आलेल्या पैशात दिरांनी गाड्या घेतल्या, बाईंनी खोल्या बांधल्या. भिंतींवर पाणी स्वतः मारलं. नवरा गेल्यावर दोन्ही मुलींची लग्नं ह्याच भाड्यावर केली.

मी मात्र भाडेकरूंच्या चक्क मुलाखती घेतल्या. ‘दारू पिता का?’ हा प्रश्न सगळ्यांना विचारला. एकही पीत नव्हता, आणि मी ते मानलं. शेवटी तिघे निवडले, तिघेही एकाच नावाजलेल्या कंपनीतले. पगार वेळेवर म्हणजे भाडं वेळेवर! ह्या हुशारीबद्दल मी स्वतःलाच मिसळ खाऊ घातली.

पंधरा दिवसांत त्यांच्यातला सरफराज दारात उभा.

“सुजितभाऊ, महिनाअखेरीला आम्ही तिघंही खोल्या सोडतोय.”

“का रे? पंखे नवीन बसवलेत की!”

“पंख्याखाली आंघोळ करू का, राव? बाथरूम एक, माणसं तीन आणि तिघांची बस सहाची. दोनदा चुकली माझी. अजून एकदा चुकली तर घरीच बसवतील.”

तिन्ही खोल्या एकदम रिकाम्या म्हणजे बँकेचा हप्ता माझ्या पगारातून, आणि मी जेवणार मिसळीच्या आठवणींवर. तसाच सगुणाबाईंकडे गेलो. त्या लसूण सोलत होत्या.

“तिघं एकाच कंपनीची घेतलीस?” त्या म्हणाल्या. “आरं, शिफ्ट बदलली तरी संगंच बदलणार की त्यांची!”

“कंपनी चांगली आहे हो, काकू.”

“व्हय, लय चांगली. पर अंघूळ कंपनी करती का? माझ्याकडं बघ. चार खोल्या, चार कंपन्या, चार टायमाच्या बसा. बस कितीची, हे आधी इचारायचं. पगाराचं मागनं.”

“मग आता काय करू?”

“त्या सरफराजला माझ्याकडं धाड. गुणाचं पोरगं हाय.”

“पण तुमच्याकडं खोली कुठं रिकामी आहे?”

बाईंनी लसणावरून नजर उचलली. “हाय की. तू ऱ्हातोस ती.”

रविवारी एकाच हातगाडीने त्याचं सामान इकडे आणलं आणि माझं तिकडे नेलं. गाडी मीच ढकलली, कारण भाडेकरूला ओव्हरटाइम होता.

उरलेले दोघे राहिले. माझी बस साडेआठची, त्यामुळे सहाच्या घाईत मी कुणाच्या आड येत नाही. एवढंच झालंय, की पूर्वी तक्रार करायला त्यांना गल्ली ओलांडावी लागायची. आता बाथरूममधूनच हाक येते, “मालक, पाणी गेलं! मोटार लावा!”

आणि मालक अंथरुणातून उठून मोटार लावतात.