रुचिताला दाणे सोसत नाहीत

ममताच्या घरात दाण्याचं कूट नाही, ही गोष्ट नवघरच्या त्यांच्या सोसायटीत एखाद्या व्यंगासारखी बोलली जायची. मराठी घर आणि कुटाचा डबा नाही? कोशिंबिरीत घालते तरी काय मग ही? ममता हसून विषय बदलायची. तिची मुलगी रुचिता दीड वर्षाची असताना अशाच कोशिंबिरीचा एक घास आजीने लाडाने भरवला होता, आणि बघता बघता पोरीचे ओठ सुजून श्वासाला शिट्टी लागली होती. तिला छातीशी धरून रिक्षाने दवाखान्यात नेताना ममताने जी शिट्टी ऐकली, ती तिच्या कानातून पुन्हा कधी गेली नाही. डॉक्टर म्हणाले, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे आणि ती बहुधा जन्मभर राहील. पुढच्या खेपेला एवढा वेळ मिळेलच असं समजू नका.

ममता गिरगावात वाढलेली, बी.कॉम. झालेली, लग्नानंतर भाईंदरला आलेली, अंधेरीत विमा कचेरीत क्लेम तपासणारी बाई. एरवी चांगली धीट. पण त्या दिवसापासून तिचं निम्मं आयुष्य पहाऱ्यात गेलं. केबिन रोडच्या फरसाणवाल्याला ती हिंदीत विचारायची, ‘भैया, तेल कौनसा है?’ गल्ल्यावर म्हातारे शेठ असले तर गुजरातीत, ‘काका, आमां सिंग तो नथी ने?’, म्हणजे यात दाणे नाहीत ना. वाढदिवसाला मुलीबरोबर स्वतः जाऊन बसायची. लग्नाच्या पंगतीत रुचितापुढे घरचा डबा असायचा. पर्समध्ये कायम एक छोटी पेटी, तीत इंजेक्शनची कुपी आणि सिरिंज. मांडीत सुई कशी मारायची ते डॉक्टरांनी तिच्याकडून मोसंब्यावर घोटून घेतलं होतं.

एवढं असूनही आपल्या माणसांना ती एकच वाक्य सांगायची. “रुचिताला दाणे सोसत नाहीत हं.” त्याच्या पुढचं तोंडातून निघत नसे. ज्या घरात ती वाढली तिथे दिवा विझत नव्हता, शांत होत होता. बांगडी फुटत नव्हती, वाढत होती. कोणी ‘जातो’ म्हणून उंबरा ओलांडला तर त्याला मागे बोलावून ‘येतो’ म्हणायला लावत. मग पोटच्या पोरीच्या नावापुढे मरणाचा शब्द कसा लावायचा? ऐकणारेही मान डोलवत, “हो गं, आमच्या बबनला नाही का वांगं सोसत नाही, नुसती खाज सुटते.”

रुचिता आठ वर्षांची झाली तेव्हा नवरा, कौस्तुभ, हट्टाला पेटला. केबिन रोडवरचे आत्मारामभाऊ दरवर्षी ग्रुप टूर काढत. या वेळी व्हिएतनाम होतं. “सगळे आपलेच भाईंदरकर आहेत,” कौस्तुभ म्हणाला. “तुझ्या भीतीपायी पोरीला किती वर्षं घरात कोंडणार आहेस?” ममताने बॅग भरली. अर्ध्या बॅगेत रुचिताचा खाऊ, उरलेल्या अर्धीत भीती.

दा नांगला उतरल्यावर पहिल्याच जेवणात तिने प्रत्येक वाडग्यात वाकून पाहिलं. नूडल्सवर भरडलेले दाणे, कोशिंबिरीवर दाणे, चटणीत दाणे. ही तर सगळी आपल्यासारखीच निघाली, आणि यांना सांगायचं कुठल्या भाषेत? बसमध्ये हान नावाची तिथली गाईड होती. भारतीय ग्रुप सांभाळून सांभाळून तिने मोडकंतोडकं हिंदी उचललं होतं. ममताने तिला विचारून एक वाक्य पाठ केलं, माझ्या मुलीला दाणे चालत नाहीत. वेटरला ते म्हणून दाखवलं. तो गोड हसला, वाडगा आत घेऊन गेला आणि लगेच परत आला. वरचे दाणे चमच्याने काढून टाकलेले, वाडगा तोच, बुडाशी चिकटलेली भरड तशीच. ममताने वाडगा ओढून घेतला.

“मॅडम, तुम बोला, अच्छा नहीं,” हान म्हणाली. “सब टूरिस्ट बोलता, मिर्ची अच्छा नहीं, मच्छी अच्छा नहीं. हम लोग थोडा निकाल देता. ऐसा नहीं बोलने का. बोलो, बेबी खाएगा तो मर जाएगा.”

“नाही नाही,” ममता मराठीतच दचकली. रुचिता शेजारीच बसली होती.

“मर जाएगा बोलो,” हान शांतपणे म्हणाली. “तब किचन धोएगा.”

मग दोन दिवस बसमध्ये ममताचा तोच अभ्यास. *कॉन तोय आन दाउ फोंग से चेत.* माझ्या लेकराने दाणे खाल्ले तर ते मरेल. हान हवेत बोटाने रेघ ओढून दाखवायची, इथे आवाज खाली ने, इथे वर फेक. ममता खिडकीकडे तोंड करून पुटपुटत राहायची. “नवस बोलतेयस की काय?” कौस्तुभने चिडवलं. बाकीचे ‘धन्यवाद’ शिकले, ‘केवढ्याला’ शिकले, ‘महाग आहे’ तर सगळ्यांत आधी शिकले. नवल असं की आपल्या वाक्यातला शेवटचा शब्द, ‘चेत’, उच्चारताना ममताची जीभ अडखळली नाही. तो नुसता आवाज होता, त्या मरणाची आणि तिच्या घराची ओळख नव्हती. आणि वाक्य लागू पडत होतं. ऐकलं की वेटरचं हसू मावळायचं, आतून मालक यायचा, कढई घासली जायची.

होई आनला गेले त्या दिवशी संकष्टी होती. ग्रुपमधल्या सुचेताकाकूंचा उपास. काकू भाईंदर पश्चिमेच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच आलेल्या. पहिल्या दिवसापासून रुचिताला त्यांचा लळा लागला होता. विमानतळावरच ममताने त्यांना सांगून ठेवलं होतं, “काकू, तिला दाणे सोसत नाहीत हं.” “लक्षात ठेवते गं बाई,” काकू म्हणाल्या होत्या.

नदीकाठच्या हॉटेलात जेवणाची टेबलं मांडली होती. ममता नेहमीप्रमाणे थेट स्वयंपाकघरात शिरली. चुलीपाशी एक वयस्क बाई होती. ममताने वाक्य म्हटलं. त्या बाईने छातीवर हात ठेवला, कढई धुतली, तेलाची नवी बाटली फोडली आणि डोळ्यांनीच विचारलं, आता ठीक? ममताला भडभडून आलं. कितीतरी वर्षांनी तिचे खांदे जरा सैल झाले.

ती बाहेर आली तर रुचिता काकूंच्या शेजारी, पुढ्यात कागदी बशी.

“आई, जीभ टोचतेय.”

बशीत बटाट्याचा पिवळाधमक किस. उपासाचा चिवडा. ममताने पोरीची हनुवटी वर केली. खालचा ओठ एका बाजूने फुगला होता, मानेवर लाल गांध्या उठत होत्या.

“काय खाल्लंस? काकू, काय दिलंत हिला?”

“अगं, दाणे वेचून दिलेत मी!” काकू उभ्याच राहिल्या. “चष्मा लावून वेचलेत. एक ठेवला नाही!”

रुचिता खोकली. पुन्हा खोकली. आणि मग ती शिट्टी आली.

ममताला नंतर आठवायचं ते तुकड्या-तुकड्यांनी. कौस्तुभने पोरीला फरशीवर आडवं केलं, पाय धरले. पेटीचं झाकण उघडेना, तिने ते दातांनी उघडलं. कुपीची मान मोडताना बोट कापलं. रुचिता डोळे विस्फारून तिच्याकडे बघत होती, त्या डोळ्यांत रडू नव्हतं, नुसता प्रश्न होता. सुई मांडीत गेली. मोसंबं आणि पोरीची मांडी यांत काहीच सारखं नव्हतं.

स्वयंपाकघरातली बाई धावत आली. ममता तिच्यावर ओरडली, “दाउ फोंग! कॉन तोय!” एवढंच. त्या बाईने क्षणभरही विचारलं नाही की नेमकं काय झालं. तिने रस्त्यावर जाऊन जी आरोळी ठोकली तिने दोन दुकानं सोडून उभी असलेली गाडी दारात आली. हान पुढे बसली. मागे कौस्तुभ, ममताच्या मांडीवर रुचिता, आणि ममताचा कान तिच्या छातीला. शिट्टी चालू आहे म्हणजे श्वास चालू आहे. थांबू नकोस, ती शिट्टीलाच विनवत होती.

हॉस्पिटलच्या दारात तरुण डॉक्टरला तिने अख्खं वाक्य म्हणून दाखवलं, शेवटच्या शब्दासकट. आवाज कुठे खाली, कुठे वर, सगळं विसरून. डॉक्टरने मान हलवली आणि पोरीला आत घेतलं.

तासाभराने ओठांची सूज उतरू लागली. ऑक्सिजनची नळी लावून रुचिता झोपली. डॉक्टर काय म्हणतात ते हानने सांगितलं. धोका टळल्यासारखा दिसतो, पण हे उलटून परत येऊ शकतं. आजचा दिवस इथेच, लक्ष ठेवा. कौस्तुभ पैसे आणि कागदपत्रं बघायला खाली गेला. ममताने स्टूल ओढलं आणि पोरीच्या छातीवरून नजर हलवली नाही. ती वर जायची, खाली यायची. खाली आली की ममताचा जीव टांगणीला, पुन्हा वर जाईपर्यंत.

काकूंना आत्मारामभाऊंनी रिक्षासारख्या कसल्याशा गाडीने पाठवून दिलं होतं. त्या दाराशीच थांबल्या. डोळे सुजलेले.

“मला वाटलं, खोकला-बिकला होत असेल,” त्या म्हणाल्या. “सोसत नाही म्हणालीस. मलाही हरभऱ्याची डाळ सोसत नाही.”

“मेली असती ती, काकू.”

“शुभ बोल गं!” काकूंचा हात आपोआप वर आला. “आजारी लेकराच्या उशाशी असं बोलू नये.”

“मेली असती,” ममता परत म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. मराठीतला तो शब्द तोंडातून बाहेर पडला आणि आता खोलीतच कुठेतरी बसून आहे असं तिला वाटलं. तिने घाईने रुचिताकडे पाहिलं. छाती वर आली.

काकू खुर्चीवर टेकल्या. मग हळूच म्हणाल्या, “मग तेव्हाच असं का नाही सांगितलंस? इथल्या वेटरलासुद्धा तू जास्त सांगतेस.”

तेवढ्यात आत्मारामभाऊंचा फोन आला. “ताई, कशी आहे पोरगी? सगळे बसमध्ये बसलोय, कोणाचं चित्त नाही. खायला-प्यायला काय आणून देऊ?”

“भाऊ, फोन स्पीकरवर ठेवा.”

“हां, ठेवला. बोला.”

ममताने डावा हात रुचिताच्या छातीवर ठेवला. “मी ममता बोलतेय. माझ्या मुलीच्या पोटात शेंगदाणा गेला तर ती मरते. थोडा गेला तरी. वेचून काढला तरी. कुटाचा चमचा लागला तरी. ती मरेल.”

पलीकडे बसचं इंजिन तेवढं ऐकू येत होतं. मग कोणीतरी सीटखालची बॅग ओढली. चेन उघडल्याचा आवाज आला, मग दुसरी, मग बऱ्याच.

“ताई, माझ्याकडे दाण्याची चटणी आहे. डबा घट्ट आहे.”

“आमच्याकडे चिक्की. दोन पाकिटं. एक फोडलंय.”

“थालीपिठाच्या भाजणीत असतात का हो? बायकोला विचारतो, थांबा.”

“हॉटेलवर ठेवून येऊ की फेकू?” आत्मारामभाऊंनी विचारलं.

“फेका,” ममता म्हणाली. “आणि हात धुवा सगळ्यांनी. साबणाने.”