जिन्याखालची गादी

...तर नातीची गादी जिन्याखाली फेकलेली होती, इथवर काल सांगून झालं. आता ती का फेकली आणि पुढे काय झालं, ते ऐका.

विद्यापीठाच्या वसतिगृहात आमची नात बरोबरीच्या मुलींना क्षयाचे धडे द्यायची. खिडक्या उघड्या ठेवा, खोकला दोन आठवडे हटला नाही तर तपासून घ्या. काय झकास बोलायची पोरगी! पुढे तिलाच खोकला लागला. शिकवल्याप्रमाणे ती तपासायला गेली, तर क्षयच निघाला. महिनाभर घरी औषध घेतलं आणि ‘आता लागण होणार नाही’ असा डॉक्टरांचा कागद घेऊन मी तिला परत सोडायला गेलो, तर तिचं सगळं सामान बाहेर.

खोलीतली मैत्रीण दार अडवून म्हणाली, “मोकळी हवा चांगली असं तूच सांगायचीस ना? मग झोप की जिन्याखाली!”

आतल्या मुली फिदीफिदी हसल्या. हसता हसता एकीला खोकल्याची उबळ आली. रेक्टरबाईंनी डॉक्टरांचा कागद चिमटीत धरून परत दिला.

मी म्हटलं, “चल बाळ, घरी. यांना काय शिकवायचं?”

गादी झटकत ती म्हणाली, “आजोबा, ती खोकणारी मी घरी जायच्या आधीपासून खोकतेय. माझे हाल बघितल्यावर ती मरेल, पण तपासायला जाणार नाही.”