गोविंदशास्त्र्यांची कॉम्प्युटरमधली वही

द्वारका चौकात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. या धंद्यात मूर्ख रोज भेटतात, त्यांचं मला काही वाटत नाही. पण स्वतःला शहाणा समजून दुसऱ्याचं नुकसान करणारा मूर्ख दिसला की माझं डोकं फिरतं. गोविंदशास्त्री त्यातले.

रामकुंडाजवळ त्यांचं घर. पिढीजात तीर्थोपाध्याय. बाहेरगावचा यजमान आला, गाव आणि आडनाव सांगितलं, की शास्त्री घरातल्या वह्या काढून त्याच्या चार पिढ्यांची नावं वाचून दाखवायचे. त्याच नावांनी मग श्राद्ध व्हायचं. वह्या पणजोबांनी सुरू केल्या, आजोबांनी वाढवल्या, वडिलांनी सांभाळल्या. गोविंदशास्त्र्यांनी फक्त त्यांच्यावर ताव मारला.

अठ्ठ्याण्णव साली त्यांनी कॉम्प्युटर घेतला. नावं भरायचं काम अर्थातच बायकोचं. सुधाताई त्यासाठी मोडी शिकल्या आणि स्वयंपाकपाणी उरकून चार वर्षं रोज दुपारी टाइप करत बसल्या. शास्त्री शेजारच्या खोलीत घोरत असत. काम संपल्यावर, कसर लागलेली पोथी घरात ठेवू नये म्हणून शास्त्र्यांनी सगळ्या वह्या मंत्र म्हणत गोदावरीत सोडल्या. सुधाताई थोडं थांबा म्हणत होत्या, पण ऐकतो कोण.

दोन हजार तीनमध्ये कुणा यजमानाने त्यांना नव्या ऑपरेटिंग सिस्टीमची सीडी दिली. शास्त्र्यांनी पंचांग पाहून बुधवारी सकाळी अकराचा मुहूर्त काढला. कीबोर्डला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि सीडी घातली. काम रेंगाळलं. बाराला राहुकाळ लागणार होता आणि पडद्यावर तर मशीन बंद करू नका असं लिहून आलेलं. सुधाताईंनी ते वाचूनही दाखवलं. राहुकाळात शुभकार्य चालू ठेवायचं नाही, असं म्हणून या विद्वानाने भिंतीतला प्लग उपटला.

कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे, याची एक यादी डिस्कवरच असते. ती नव्याने लिहिली जात असताना वीज गेली की यादी अर्धवट राहते आणि फायली असून सापडत नाहीत. एवढ्यावर थांबले असते तरी मी सगळं परत काढलं असतं. पण दीड वाजता राहुकाळ संपल्यावर शास्त्र्यांनी मशीन पुन्हा लावलं. दुरुस्त करू का, असा प्रश्न ते विचारत राहिलं आणि शास्त्री तो न वाचता प्रत्येक वेळी होय दाबत राहिले. बिघडलेल्या डिस्कची आधी नक्कल काढायची आणि जे काही करायचं ते नकलेवर, हे माझ्याकडचा झाडूवालाही सांगेल. दुरुस्तीच्या नावाखाली मशीनने फायलींचे तुकडे केले, त्यांना नुसते आकडे दिले आणि काही तुकडे पुसून टाकले.

मग माझी आठवण झाली. डिस्क काढून मी दुकानात आणली, नक्कल काढली आणि तीन दिवस तुकडे उघडत बसलो. आधी नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा. मराठी फॉन्ट लावला की त्यातून नावं निघायची. कुठला तुकडा कुठल्या गावचा, हे शेजारी बसून सुधाताई सांगायच्या. बारा आणे सापडलं. जिथे नाव गेलं होतं तिथे त्यांनी रिकामी जागा सोडली. यजमानांना पत्रं पाठवून नावं परत विचारू, असं त्यांचं म्हणणं. मला ते सोळा आणे पटलं.

शास्त्र्यांना नाही पटलं. ते म्हणाले, "यजमान आम्हाला विचारतो. आम्हीच त्याला विचारायला लागलो तर उद्या दारात उभा कोण राहील?"

पुढे पितृपंधरवड्यात मी त्यांच्याकडे नवा प्रिंटर बसवायला गेलो होतो. सटाण्याकडचा वाळू नावाचा म्हातारा शास्त्र्यांसमोर बसला होता. त्याला पणजोबांचं नाव हवं होतं. शास्त्र्यांनी पडद्याकडे बघत खणखणीत आवाजात वाचलं, राघो. मी मान वळवून पाहिलं. पडद्यावर राघो होतं. त्याच्या वरच्या घराण्यात राघो, खालच्यातही राघोच. रिकाम्या जागा भरताना चार वेगळी नावं सुचवण्याचेही कष्ट या माणसाने घेतले नव्हते.

म्हातारा घुटमळला. "आजी तं मंगळू म्हणे," तो म्हणाला.

दारात उभ्या असलेल्या सुधाताई म्हणाल्या, "अहो, ती जागा रिकामी होती."

शास्त्री हसले. बायकांना यातलं काय कळतं, असं त्यांनी म्हाताऱ्याला सांगितलं. म्हाताऱ्याने सुधाताईंकडे पाहिलंही नाही. त्याने हात जोडले.

"तुमना वहीमा जे शे, तेच खरं," तो म्हणाला. "आजी म्हातारी व्हती, चुकनी व्हई."

सुधाताई माझ्याकडे बघत होत्या. कॉम्प्युटरमधलं कळणारा तिथे मी एकटाच होतो, माझ्या शब्दाला म्हाताऱ्याने मान दिला असता. पण शास्त्री माझं गिऱ्हाईक, ते मला तोडायचं नव्हतं. मी प्रिंटरची वायर जोडली आणि तो चालतो का ते पाहिलं. तेवढ्यात म्हातारा कुंडावर गेला आणि पणजोबाचा पिंड त्याने राघोच्या नावाने ठेवला.

मंगळूला काही मिळालं नाही. शास्त्र्यांना मी तेव्हाही मनातल्या मनात शिव्या घालत होतो.