वळणावर वाकणारं चाक

माझं माहेर टांग्याचं आणि सासर सायकलच्या चाकांचं. वडिलांमागे माझा मोठा भाऊ टांगा हाकायचा. माझा नवरा महाल नावाच्या वस्तीत, घराच्या ओट्यावर बसून, गिऱ्हाईक सांगेल तसं चाक बांधून द्यायचा. दूधवाल्याला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवायचे, तर मागचं चाक जाड तारांचं. सावनेरच्या मास्तरांना हलकं हवं, तर हलकं. लग्नानंतर मीही चाकाच्या मधल्या हबमध्ये तारा ओवायला शिकले. आउट काढायचं काम मात्र तो स्वतः करायचा. चाक फिरवायचं, कुठे डुलतं ते पाहायचं, बोटाने तारा छेडायच्या आणि पान्याने कुठे आवळायचं, कुठे सैल सोडायचं. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर आमचं घर चालायचं.

मग युद्ध सुरू झालं आणि विलायती सायकली यायच्या बंद झाल्या. सायकल नाही तर चाक कोणाला लागतंय? त्याच सुमारास कलकत्त्याकडून शहरात सायकलरिक्षा आल्या. नवऱ्याने ठरवून टाकलं, आता रिक्षाची चाकं बांधायची. भावाला हे कळायला वेळ लागला नाही.

"जावईबापू, सायकलीची चाकं बांधा ना, कोण नाही म्हणते?" तो ओट्याखाली उभा राहून म्हणाला. "पण रिक्षाची काहून? माह्या घोड्याच्या तोंडचा चारा तुम्ही काढून राहिले."

"वखत बदलला, दादा," नवरा म्हणाला आणि मान खाली घालून काम करत राहिला. त्याची ही सवय मला कधीच आवडली नाही. समोरचा पेटला की हा आणखी थंड व्हायचा. माझी आई म्हणायची, गरिबाच्या थंडपणाचीच जास्त भीती बाळगावी. मला त्या भांडणात एकच गोष्ट हवी होती. नवराही राहावा आणि भाऊही राहावा.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं धुऊन, हळदकुंकू वाहून देवापुढे मांडतात. पाना, पकड, कानस, सगळं. दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. भावाला हे ठाऊक होतं. त्याने नेमका तोच दिवस धरला.

चार टांगेवाले घेऊन तो आला. टांगून ठेवलेली चाकं त्यांनी ओढून गल्लीत फेकली आणि त्यांच्यावर अक्षरशः नाचले. चाकांच्या रिमा वाकत होत्या, तारा तटातट तुटत होत्या, आणि शेजारीपाजारी दारं लावून घेत होते. नवरा आडवा गेला तसा भावाने चाबूक काढला. पहिला फटका मानेवर बसला, दुसऱ्याने सदरा फाटला, पुढचे नुसते उघड्या पाठीवर. "तुले घोड्यासारखाच फोडतो, थांब!" तो ओरडत होता. जावईबापू एका फटक्यात 'तू' झाले होते. घोड्याला तर त्याने जन्मात असं मारलं नव्हतं.

मोठा पाना देवापुढे, हाताच्या अंतरावर होता. नवरा त्याच्याकडे पाहत होता आणि उचलत नव्हता. पूजेतलं हत्यार! मार खाईन पण नेम मोडणार नाही. मला त्या क्षणी भावापेक्षा नवऱ्याचाच संताप आला. मी झेंडूची फुलं उधळत पाना उचलला आणि भावाच्या कपाळावर हाणला. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं.

"तू? माह्यावर हात उचलते वं?"

"आणखी एक पायजे काय? नसन तर चालता हो!"

तो गेला. त्या फटक्याचं मला आजही काही वाटत नाही. जे करायला हवं होतं ते केलं.

नवऱ्याच्या पाठीला हळद लावायला बसले, तर तो काय म्हणाला असेल? "नवमीचा पाना काहून उचलला तू?" पाठ सोललेली, धंदा गल्लीत पडलेला, आणि याला पान्याची पडलेली. मी वाटी आपटून उठले.

दसरा झाल्यावर त्याने पहिल्या रिक्षाची चाकं बांधली. ज्वारीची पोती लादून रिक्षा गल्लीच्या टोकापर्यंत नेली. वळताना मागचं एक चाक भाजलेल्या पापडासारखं मुडपलं. मला कारण दिसत होतं. सायकल वळताना माणसासकट कलते, म्हणून भार चाकावर उभा येतो. रिक्षा कलत नाही, सगळा भार बाजूने येतो. टांग्याचं चाक परातीसारखं खोलगट असतं ते यासाठीच. मी ते लहानपणापासून पाहत आले होते. हब रुंद करा, तारा दोन्हीकडून फाकून घ्या, असं मी सांगितलं.

"तुह्या माहेरचं चाक माह्या ओट्यावर नको," तो म्हणाला. त्याच्या मते दोष चाकात नव्हताच. नवमीला हत्यार विटाळलं, म्हणून चाक वाकलं. त्याने पान्याला दुधाने न्हाऊ घातलं, नारळ फोडला, शेंदूर लावला आणि त्याच अरुंद हबवर तसंच चाक पुन्हा बांधलं. आडमुठ्या माणसाला देवाचं निमित्त मिळालं की मग त्याला ब्रह्मदेवही समजावू शकत नाही.

नव्या रिक्षात बसायला कोणी तयार होईना. शेवटी मीच बसले आणि नवऱ्याने रिक्षा चालवली. शुक्रवारी नावाच्या तलावाच्या वळणावर उतार आहे. मागून टांगा येत होता, भावाचा. मी वळून पाहिलं, त्याच्या भुवईवरचा व्रणही मला दिसला. तेवढ्यात चाक गेलं. मी तोंडावर आपटले. नवरा रस्त्याच्या मधोमध पडला, उजवा हात पुढे पसरलेला. टांग्याचं लोखंडी धावेचं चाक त्या हातावरून गेलं. चरकात ऊस मोडतो तसा आवाज आला, आणि मग त्याची किंकाळी.

भाऊ उडी मारून उतरला. नवऱ्याला उचलून टांग्यात घातलं आणि सरकारी दवाखान्यापर्यंत घोड्याला फोडत नेलं. रडत होता, चाबूक चालवत होता. घोड्याच्या पाठीचं रक्त माझ्या लुगड्यावर उडत होतं. दवाखान्यात नवऱ्याची दोन बोटं काढावी लागली, उरलेली आकडलीच.

गल्लीत दोन तट पडले. भावाने घोडा थांबवायला लगाम ओढला होता म्हणणारे आणि ओढला नाही म्हणणारे. मी तोंडावर पडलेली, मला काय दिसणार? मी भावाशी बोलणं टाकलं, पण विचारलं नाही. उत्तराची भीती वाटत होती.

पोट तर थांबत नाही. मी पाना हातात घेतला. रुंद हब करवून आणला, तारा फाकून बांधल्या. नवरा बाजूला बसून शिव्या द्यायचा, "आवळ! तेथी नाही, आंधळी हायेस काय!" पण आता माहेरच्या चाकाला नाही म्हणत नव्हता. चाकं टिकली. रिक्षावाले दूरदूरून येऊ लागले. टांग्यांचे अड्डे ओस पडत गेले.

एक दिवस भाऊ ओट्याखाली उभा. घोडा विकला होता.

"रिक्षा घेतली," तो म्हणाला. "चाकं तुह्याच हातची पायजेत."

तेव्हा मी विचारलं. "दादा, लगाम ओढला होता?"

"हातात होता," तो म्हणाला. "नाही ओढला."

आत नवऱ्याने ऐकलं. "चाकं बांधून दे त्याले," एवढंच तो बोलला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

मी बसले. फळीवरचा जुना अरुंद हब काढला आणि त्यावर चाक बांधलं. तारा नीट ओवल्या, आउट काढला. दिसायला असं देखणं चाक मी त्याआधी बांधलं नव्हतं. पहिल्या उतारावर, पहिल्या वळणावर ते जाणार होतं, आणि भाऊ त्याच्याबरोबर.

मग चाक भावाच्या रिक्षाला लावायला गेले आणि मागच्या बैठकीवर हात गेला, जिथे सवारी बसते. कोणी बाळंतीण दवाखान्यात जायची असेल, कोणाची म्हातारी आई. मी पकड घेतली आणि एकेक तार तोडली. रुंद हबवर नवी चाकं बांधून त्याला दिली.

भाऊ त्या चाकांवर म्हातारा झाला आणि अंथरुणात मेला. तेराव्याला भावजय सगळ्यांसमोर माझे हात धरून म्हणाली, "जीव लावून चाकं बांधले होते बाईनं, भावाले कधी पडू नाही देल्लं." बायका डोळे पुसत होत्या. मी मान हलवली. एकट्यानेच बसायची रिक्षा असती, तर ते पहिलं चाक मी तोडलं नसतं.