आपाच्या टेबलावरचा पाचवा प्रश्न

एम.ए.चा फॉर्म आम्ही दोघींनी एकाच दिवशी भरला. मी मलकापुरात प्राथमिक शाळेची शिक्षिका, पन्नाशी ओलांडलेली. आपा माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आमच्याच गल्लीत लेडीज टेलरचं दुकान चालवणारी. लोकांचे ब्लाउज शिवता शिवता तिने बारावी केली, मग बी.ए. केलं आणि एम.ए.ला मलाही ओढून नेलं.

दुसऱ्या वर्षी प्रकल्पाला विषय आला: वेगवेगळ्या नरसंहारांची कारणं आणि परिस्थिती यांची तुलना. मी घाबरलेच. विषय बदलून घेऊ म्हटलं.

"काऊन बदलाचा?" आपा म्हणाली. "लोकाइनं भोगलं ते आपल्याले वाचताही येत नाई का?"

शाळा सुटली की मी तिच्या दुकानात जायची. कापड बेतायच्या मोठ्या टेबलावर तिने खडूने चार रकाने आखले: आर्मेनियन, ज्यू, कंबोडिया, रवांडा. डावीकडे चार प्रश्न. आधी काय बिघडलं होतं? सत्ता कोणाकडे होती? द्वेष कसा पसरवला? मारणारे कोण होते? गिऱ्हाईक आलं की त्यावर कापड पसरायचं आणि रेघा पुसल्या जायच्या. त्या पुन्हा आखताना आम्हाला सगळं पाठ होत गेलं.

तुर्कांचं साम्राज्य मोडकळीला आलं होतं, पहिलं महायुद्ध पेटलं होतं आणि राज्यकर्त्यांनी आर्मेनियन लोकांना शत्रूचे हस्तक ठरवलं. जर्मनीत हरलेलं युद्ध, बेकारी आणि जुना ज्यूद्वेष होता. तिथे मारण्यासाठीसुद्धा कायदे, याद्या आणि रेल्वेची वेळापत्रकं होती. रवांडात हुतू की तुत्सी हे परक्या राज्यकर्त्यांनी ओळखपत्रावर लिहून ठेवलं होतं. पुढे यादवी पेटली आणि रेडिओवरचे लोक शेजाऱ्याला झुरळ म्हणू लागले. कंबोडियात अल्पसंख्याक मारले गेलेच, पण मारणाऱ्यांच्याच भाषेची, त्यांच्याच वंशाची माणसंही लाखोंनी मेली. शिकलेल्यांवर संशय; नुसता चष्मासुद्धा पुरे व्हायचा. हे वाचलं तेव्हा आपाने आपला चष्मा काढून हातात धरला.

मला सगळ्यांचं मिळून एकच कारण हवं होतं, म्हणजे निष्कर्ष सोपा झाला असता. आपा ऐकेना. "एकाच मापाचा ब्लाउज साऱ्याइले कायले घालून राह्यली व?" त्यावरून आम्ही दोन दिवस भांडलो. तिसऱ्या दिवशी मी गेले तर टेबलावर पाचवा प्रश्न होता: वाचवलं कोणी?

मग आमची रोजची बैठकच पालटली. मी वाचून दाखवायची, ती मशीन चालवायची. एकदा मी रवांडातल्या एका म्हाताऱ्या बाईची हकिकत वाचत होते. शेजारच्या दोन पोरींना तिने कोठीत लपवलं आणि मारेकरी दारात आल्यावर त्यांना तोंडावर शिव्या दिल्या. तेवढ्यात माझं पान संपलं. ब्लाउजसाठी थांबलेल्या दोघींपैकी एक ताडकन उठली.

"मंग? पोरी वाचल्या का?"

मी पान उलटलं. "वाचल्या!"

"हाव?" आपाने मशीन थांबवलं. दुकानातल्या चौघी एकदम बोलायला लागल्या. कोणीतरी चहा सांगितला. ज्या बायांना आम्ही कधी पाहणार नव्हतो, त्यांच्यासाठी आम्ही हसत होतो आणि डोळे पुसत होतो.

तोंडी परीक्षा बुलढाण्याला होती. एसटी घाट चढत असताना आपाने माझा हात घट्ट धरला. "मले शुद्ध बोलता येत नाई. हासले तं?"

परीक्षक पुण्याचे होते. "बोला," म्हणाले. आपा पहिलं वाक्य पुस्तकी बोलली, दुसऱ्याला अडली. मग म्हणाली, "सर, आमच्या बोलीत सांगू का?"

"अवश्य सांगा."

त्यानंतर ती थांबलीच नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "या सगळ्यांत समान काय सापडलं?"

"एक कारण नाई सर. कुठं लढाई, कुठं भूक, कुठं जुना राग. पण मारायच्या पयले सगळीकडंच त्याइचं माणूसपण काढून घेतलं. अन् हे करनाऱ्याइले कोनी अडवलं नाई. जिथं एकानं जरी दार उघडलं, तिथं कोनी ना कोनी वाचलं."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "तो पाचवा प्रश्न कोणाचा?"

"हिचा," मी म्हणाले. माझा आवाज उगाचच मोठा आला.

निकाल मोबाईलवर आला. दोघीही पहिल्या वर्गात, आपाला माझ्याहून नऊ गुण जास्त. मला क्षणभर वाईट वाटलं, हे कबूल करते. तोवर आपाने माझ्या तोंडात अख्खा पेढा कोंबला होता.

पुढच्या आठवड्यात तिने पेंटर बोलावला. दुकानाच्या पाटीवर "लेडीज टेलर"च्या खाली "एम.ए. (इतिहास)" लिहायचं होतं. अक्षरं केवढी काढायची, असं त्याने विचारलं.

"वरच्याहून मोठी काढ," आपा म्हणाली आणि रस्त्यावरच खुर्ची ओढून पाटीकडे बघत बसली.