काकूंच्या फ्रीझरमधली जागा

पुरणपोळी तव्यावर गरम केली की त्या वासाने मला अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावच्या काकू आठवतात. पीएचडी करताना मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचे. भराभर वाढणारे, सरळ लाकडाचे, पण रानात पसरू नयेत म्हणून बी न धरणारे पॉप्लर वृक्ष तयार करायचे, हे माझं काम. मार्चमधल्या एका रविवारी लॅबचा फ्रीझर बंद पडला आणि बाकीचे फ्रीझर कुलूपबंद खोल्यांत होते. आत ज्या झाडाचे परागकण होते, ते झाड आदल्याच महिन्यात वादळात पडलं होतं. परागकणांचा थर्माकोलचा डबा छातीशी धरून मी घरी आले आणि काकूंना सगळं सांगितलं. त्यांचा फ्रीझर मराठी मंडळाच्या होळीसाठी केलेल्या पुरणपोळ्यांनी गच्च भरलेला. काकू पोळ्यांच्या पिशव्या बाहेर काढायला लागल्या. “अहो काकू, एवढी मेहनत,” मी म्हटलं. “पोळ्या परत करता येतील गं. तुझं झाड येणारे का परत?” मग आठवडाभर आमची अख्खी लॅब पुरणपोळ्या खात होती. त्या परागांपासून झालेले पॉप्लर आता दुमजली घराएवढे झालेत. माझ्या बेसमेंटमध्येही हल्ली एक विद्यार्थिनी राहते, आणि फ्रीझरचा वरचा कप्पा मी रिकामाच ठेवते.